कुक्कुटपालनातील पाणीसाधनांचे रोगाणुनाशन

कुक्कुटपालनातील पाणीसाधनांचे रोगाणुनाशन म्हणजे कोंबड्यांना पिण्याचे पाणी पुरविणाऱ्या टाक्या, नळ्या, दाबनियंत्रक, निपल, घंटाकृती भांडी व हाताने भरावयाची भांडी यांच्यावर वाढणारे अपायकारक जिवाणू काढून टाकण्याची व नष्ट करण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात साधनाच्या पृष्ठभागावर बसलेला मळ, क्षारांचा थर व बुळबुळीत थर काढला जातो. दुसऱ्या भागात उरलेल्या जिवाणूंवर रोगाणुनाशक वापरले जाते. पहिला भाग वगळून केवळ टाकीत औषध टाकण्याची पद्धत सर्वत्र आढळते. मात्र तिचा परिणाम अल्पकाळ टिकतो, कारण औषध पाण्यात असते आणि जिवाणू प्रामुख्याने नळीच्या भिंतीला चिकटलेले असतात.

महाराष्ट्राच्या वऱ्हाड भागात, विशेषतः अकोला व अमरावती जिल्ह्यांत, या विषयाला स्थानिक महत्त्व आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त व अल्कधर्मी असल्यामुळे क्लोरीनसारखे सर्वपरिचित रोगाणुनाशक तेथे नेहमीच्या मात्रेत अपेक्षेइतके काम करीत नाही.

संज्ञा

मराठी बोलण्यात व वृत्तपत्रांत या प्रक्रियेस सरसकट ‘निर्जंतुकीकरण’ म्हटले जाते. काटेकोर अर्थाने निर्जंतुकीकरण म्हणजे सर्व सूक्ष्मजीवांचा, त्यांच्या बीजाणूंसह, संपूर्ण नाश. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करता येतात. शेडमधील शंभर मीटर लांबीची नळी तशी करता येत नाही आणि तशी गरजही नसते. रोग निर्माण करणाऱ्या जिवाणूंची संख्या अपाय होणार नाही इतकी खाली आणणे हे येथे उद्दिष्ट असते. त्यासाठी ‘रोगाणुनाशन’ हा शब्द अधिक योग्य आहे. ‘स्वच्छता’ ही त्याआधीची पायरी होय. हे तीन शब्द एकमेकांऐवजी वापरले गेल्यामुळे व्यवहारातही गोंधळ होतो: नळीतून स्वच्छ पाणी येताना दिसले की ती निर्जंतुक झाली असे मानले जाते.

पाण्यावाटे पसरणारे रोग

कोंबडीच्या पिल्लाच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. समशीतोष्ण हवेत मांसल कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते आणि तापमान वाढेल तसे हे प्रमाण वाढत जाते. पक्षी खाद्य टाकू शकतो, पण पाणी टाळू शकत नाही. आजारी पक्षी खाद्य सोडल्यानंतरही पाणी पीत राहतो व चोचीतील स्राव त्याच भांड्यात सोडतो. त्यामुळे सामायिक पाणी हा शेडमधील रोगप्रसाराचा सर्वांत जलद मार्ग ठरतो.

पाण्यावाटे पसरणाऱ्या जिवाणूंमध्ये ई. कोलाय हा सर्वांत नेहमीचा आहे. तो निरोगी पक्ष्याच्या आतड्यातही असतो. परंतु त्याचे काही प्रकार अशक्त पिल्लांत नाभीचा दाह, वायुकोशांचा दाह व रक्तदोष घडवितात. साल्मोनेला गटातील जिवाणूंमुळे पिल्लांना पांढरी हगवण व मोठ्या पक्ष्यांना कुक्कुट विषमज्वर होतो. याच गटातील काही जाती माणसाला अन्नविषबाधा करतात. कॅम्पिलोबॅक्टर पक्ष्याला फारसा त्रास देत नाही. तो मांसावाटे माणसाच्या आतड्यापर्यंत पोहोचतो. पाश्चरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होणारा कुक्कुट कॉलरा चोचीतील व नाकातील स्रावाने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. लुई पाश्चर यांनी १८८० साली क्षीण केलेल्या जिवाणूपासून लस तयार करण्याचा मार्ग दाखविला, तो याच रोगाच्या अभ्यासातून. स्यूडोमोनास हा ओलसर नळीत सहज घर करणारा जिवाणू असून तो इतर जिवाणूंना आसरा देणारा थर तयार करण्यात अग्रेसर असतो.

विषाणू व आदिजीव यांचा विचार वेगळा करावा लागतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक निश्चित झाला. त्या रोगाचा विषाणू योग्य मात्रेतील क्लोरीनने निष्प्रभ होतो. रक्ती हगवण घडविणाऱ्या कॉक्सिडिया या आदिजीवाची अंडपेशी मात्र पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनला दाद देत नाही. ‘पाण्यात ब्लिचिंग टाकतो, तरी हगवण कशी?’ या प्रश्नाचे उत्तर काही वेळा एवढेच असते.

जैवपटल

पाणी वाहणाऱ्या कोणत्याही नळीच्या आतील भिंतीवर काही दिवसांतच सूक्ष्मजीवांचा पातळ थर बसतो. प्रथम काही जिवाणू भिंतीला चिकटतात, मग स्वतःभोवती शर्करामय चिकट पदार्थ सोडतात आणि त्या पदार्थात इतर जिवाणू, बुरशी, शैवाल, लोहाचे व चुन्याचे कण अडकत जातात. या थराला जैवपटल अथवा बायोफिल्म म्हणतात. शेतकऱ्यांच्या बोलण्यात तो ‘बुळबुळ’ किंवा ‘शेवाळ’ म्हणून ओळखला जातो. शेवाळ हिरवे असते व त्याला प्रकाश लागतो. जैवपटल अंधाऱ्या नळीतही वाढते आणि पुष्कळदा रंगहीन असते. नळीच्या टोकाची टोपी काढून आत बोट फिरविल्यास ते हाताला लागते.

जैवपटलातील जिवाणू मोकळ्या पाण्यातील जिवाणूंपेक्षा रोगाणुनाशकाला कितीतरी अधिक प्रमाणात तोंड देतात. क्लोरीन थराच्या वरच्या भागातील सेंद्रिय पदार्थाशी संयोग पावून तेथेच संपतो व खालच्या जिवाणूंपर्यंत पोहोचत नाही. वरचे जिवाणू मेल्याने पाण्याचा नमुना एक-दोन दिवस चांगला येतो. नंतर थराचे तुकडे सुटून पाण्यात मिसळू लागले की जिवाणूंची संख्या पूर्ववत होते. सुटलेले तुकडे निपलच्या झडपेत अडकतात. परिणामी काही निपल बंद पडतात व काही गळू लागतात. गळणाऱ्या निपलखाली तूस ओले होते, ओल्या तुसातून अमोनिया सुटतो, आणि श्वसनाचा जो त्रास दिसतो त्याचे मूळ नळीत आहे हे लक्षात येण्यास उशीर होतो.

जैवपटल वाढण्यास सर्वांत अनुकूल काळ म्हणजे पिल्ले आल्यानंतरचा पहिला आठवडा. या काळात पिल्ले फार थोडे पाणी पितात; त्यामुळे नळीतील पाणी जवळजवळ उभे असते. पिल्लांना ऊब मिळावी म्हणून शेडचे तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सियस ठेवलेले असते. याच दिवसांत प्रवासाचा शीण जावा म्हणून पिल्लांना गुळाचे किंवा साखरेचे पाणी, जीवनसत्त्वे व क्षारमिश्रणे दिली जातात. उभे पाणी, ऊब आणि साखर या तिन्ही गोष्टी जिवाणूंना एकाच वेळी मिळतात. गुळाचे पाणी देण्याची पद्धत जुनी व पिल्लांच्या दृष्टीने उपयोगी आहे. आक्षेप ते नळीतून देण्याला आहे. ते हाताने भरावयाच्या भांड्यांतून देणे आणि काही तासांनी भांडी धुऊन घेणे हा सोपा उपाय आहे.

वऱ्हाडातील पाणी

वऱ्हाडात हिवरखेड नावाची एकाहून अधिक गावे आहेत. हिवर या काटेरी वृक्षाच्या नावाची ही गावे दोन निरनिराळ्या जलस्थितींची उदाहरणे म्हणून पाहता येतात. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या पात्राकडे उतरत जाणाऱ्या प्रदेशात येते. या प्रदेशात डोंगरालगतचे भूजल गोडे असते आणि दक्षिणेकडे पूर्णेच्या दिशेने जावे तसतसे ते खारे होत जाते. तालुक्यातील वान प्रकल्पाच्या जलाशयातून परिसरातील अनेक गावांना पिण्याचे पाणी नळयोजनेने दिले जाते, त्याचे कारण हेच. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील हिवरखेड हे संत्राबागांच्या पट्ट्यात आहे. तेथे मुख्य अडचण खारेपणाची नसून भूजलाच्या अतिउपशाची आहे. वरूड-मोर्शी भागात कूपनलिका फार खोल गेल्या आहेत.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. येथील गाळाच्या जमिनीत व भूजलात सोडियमचे क्षार आणि बायकार्बोनेट अधिक असतात. पाण्याचा सामू अनेक ठिकाणी ८ च्या वर जातो. गावाला नळयोजनेचे गोडे पाणी मिळत असले तरी ते माणसांपुरते असते. हजारो पक्ष्यांच्या शेडला विहिरीवर किंवा कूपनलिकेवरच अवलंबून राहावे लागते.

सामूचा रोगाणुनाशनाशी थेट संबंध आहे. क्लोरीन पाण्यात विरघळल्यावर त्याची दोन रूपे होतात. हायपोक्लोरस आम्ल हे जिवाणूच्या भित्तिकेतून सहज आत शिरणारे प्रभावी रूप, तर हायपोक्लोराइट आयन हे पुष्कळ दुर्बल रूप. दोहोंचे प्रमाण सामूवर ठरते. सामू ६.५ असता सुमारे ९० टक्के क्लोरीन प्रभावी रूपात असतो, ७.५ ला ते प्रमाण निम्म्यावर येते, ८.५ ला केवळ १० टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरीत जी मात्रा पुरेशी ठरते, तीच मात्रा पूर्णाकाठच्या कूपनलिकेच्या पाण्यात नावापुरती राहते. चाचणीत मात्र दोन्ही ठिकाणी अवशिष्ट क्लोरीन सारखाच दिसतो, कारण साधी रंगचाचणी दोन्ही रूपे मिळून मोजते. पक्ष्यांची मरतुक वाढत असतानाही ‘क्लोरीन बरोबर आहे’ असा निष्कर्ष निघतो, तो असा.

यावर मात्रा वाढवीत जाणे हा उपाय नव्हे. अधिक क्लोरीनमुळे पाण्याला वास व चव येते, पक्षी पाणी कमी पितात आणि वाढ खुंटते. शिवाय ब्लिचिंग पावडर व सोडियम हायपोक्लोराइट ही दोन्ही स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे सामू आणखी वर सरकण्याची शक्यता असते. पाण्याचा सामू प्रथम ६ ते ७ च्या दरम्यान आणणे हा योग्य क्रम होय. बायकार्बोनेट अधिक असलेले पाणी आम्लाला विरोध करते. त्यामुळे किती आम्ल लागेल हे पुस्तकातील मात्रेवरून ठरत नाही. बादलीभर पाण्यात मोजून आम्ल घालीत, सामूपट्टीने पाहत, त्या विशिष्ट विहिरीसाठी मात्रा ठरवावी लागते.

क्लोरीनने खारेपणा जात नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७४ साली दिलेल्या वर्गवारीनुसार लिटरला १,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी विरघळलेले क्षार असलेले पाणी कोंबड्यांना निर्धोक असते. १,००० ते ३,००० मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, पण विष्ठा पातळ होऊ शकते. ३,००० च्या पुढे ते कोंबड्यांसाठी निकृष्ट आणि ५,००० च्या पुढे अयोग्य ठरते. खारपाणपट्ट्यात पातळ विष्ठा दिसली की ती संसर्गाने झाली की क्षारांनी, हे वेगळे करावे लागते. क्षारांमुळे विष्ठा पातळ असेल तर पक्षी सहसा तरतरीत असतात, खाद्य सोडत नाहीत आणि जवळजवळ संपूर्ण शेडमध्ये लक्षण एकसारखे असते. अशा पक्ष्यांना प्रतिजैविक देऊन काहीही साधत नाही.

वऱ्हाडातील उन्हाळाही या विषयाचा भाग आहे. अकोल्याचे कमाल तापमान मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाते. उघड्यावरील प्लॅस्टिकच्या टाकीतील पाणी तापते, तापलेल्या पाण्यातून क्लोरीन लवकर नाहीसा होतो आणि पक्षी गरम पाणी नाइलाजाने, कमी पितात. टाकीवर सावली करणे, तिला ओले गोणपाट गुंडाळणे, उघड्या नळ्या मातीखाली घेणे आणि दुपारी नळीतील तापलेले पाणी सोडून देणे हे उपाय रोगाणुनाशनालाही साहाय्य करतात. पावसाळ्याच्या आरंभी अडचण उलट असते. विहिरीचे पाणी गढूळ होते व गढूळपणातील सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकते. असे पाणी आधी तुरटी फिरवून निवळावे लागते. न निवळलेल्या पाण्यात टाकलेली पावडर बव्हंशी वाया जाते.

वापरली जाणारी द्रव्ये

ब्लिचिंग पावडर हे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांत सुलभ द्रव्य असून ग्रामपंचायतींच्या व्यवहारात ते ‘टीसीएल’ या नावाने ओळखले जाते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. हवा, ओल व ऊन लागल्यास तो झपाट्याने घटतो. उघड्या पोत्यातील जुनी पावडर वासाला तीव्र वाटली तरी निरुपयोगी असू शकते. एक हजार लिटर पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम क्लोरीन देण्यासाठी ३ ग्रॅम क्लोरीन लागतो; म्हणजे ३३ टक्के पावडर सुमारे ९ ग्रॅम, २५ टक्के पावडर १२ ग्रॅम किंवा ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट ६० मिलिलिटर. पावडर थेट टाकीत टाकू नये. ती थोड्या पाण्यात कालवून, साका खाली बसू देऊन, वरची निवळी वापरावी; साका नळीत गेल्यास निपल चोंदतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड हे द्रव्य जैवपटल सोडविण्यासाठी विशेष उपयोगी आहे. सेंद्रिय थराच्या संपर्कात आल्यावर त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात व थर भिंतीपासून उखडला जातो. काम झाल्यावर पाणी व ऑक्सिजन एवढेच उरते. बाजारातील तीव्र द्रावण मात्र त्वचा व डोळे भाजणारे असते. क्लोरीन डायऑक्साइडची परिणामकारकता सामूवर क्लोरीनइतकी अवलंबून नसते, म्हणून अल्कधर्मी पाण्यात ते अधिक चांगले ठरते. खर्च व हाताळणीतील काळजी या त्याच्या मर्यादा आहेत.

सायट्रिक आम्ल चुन्याचा थर विरघळविण्यास उत्तम आहे. ते अल्प प्रमाणात दीर्घकाळ नळीत चालू ठेवल्यास बुरशीला अन्न मिळते. त्यामुळे सफाईसाठी चांगले असलेले हे आम्ल रोजच्या वापरासाठी तितके चांगले नाही. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे ‘लाल औषध’, जुन्या पिढीच्या विशेष विश्वासातले. भांडी खळखळून काढण्यास ते चालते, पण नळ्यांत त्याचा तपकिरी साका बसतो व जैवपटलावर त्याचा परिणाम मर्यादित असतो.

क्लोरीनयुक्त द्रव्य व आम्ल यांची तीव्र द्रावणे कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही वापरावयाची असल्यास दोन स्वतंत्र भांड्यांतून व दोन स्वतंत्र मात्रायंत्रांतून ती वाहत्या पाण्यात सोडावी लागतात. बंद खोलीत एकाच बादलीत दोन्ही कालविणे जीवघेणे ठरू शकते.

दोन तुकड्यांमधील सफाई

मांसल कोंबड्यांची एक तुकडी, व्यवहारातील ‘लॉट’, साधारण सहा आठवड्यांत विक्रीस जाते. त्यानंतर शेड रिकामी असते. नळ्यांची संपूर्ण सफाई याच काळात शक्य होते, कारण या वेळी वापरावयाची द्रावणे पक्ष्यांच्या पिण्यायोग्य नसतात. तूस काढून शेड धुतल्यानंतर पाण्याकडे वळण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात पक्षी गेल्याच्या दिवशीच नळ्या धुणे अधिक श्रेयस्कर, कारण थर वाळून घट्ट झाल्यावर तो निघणे कठीण जाते.

प्रथम टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढतात व आतील भिंती ब्रशने घासतात. गाळणी काढून धुतात किंवा बदलतात. मग नळीची टोके उघडून जोराच्या पाण्याने प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे धुतली जाते. सर्व ओळी एकदम उघडल्यास दाब विभागला जातो आणि कोणतीच ओळ नीट धुतली जात नाही.

पुढची पायरी क्षारांचा थर काढण्याची. खारपाणपट्ट्यात व कठीण पाण्याच्या भागात ती टाळता येत नाही, कारण चुन्याच्या खडबडीत थरातच जैवपटल रुजते. सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने नळी भरून ठरावीक वेळ ठेवतात व नंतर भरपूर पाण्याने धुतात. द्रावण किती लागेल याचा हिशेब नळीच्या आकारमानावरून करता येतो. २० मिलिमीटर अंतर्व्यासाच्या १०० मीटर नळीत सुमारे ३१ लिटर पाणी मावते. अशा चार ओळी असतील तर सव्वाशे लिटर द्रावण पुरते. हा हिशेब न करता टाकीभर द्रावण तयार केले जाते व खर्च पाहून पुढच्या वेळी सफाईच टाळली जाते.

आम्ल पूर्ण धुऊन गेल्यावर जैवपटलनाशक द्रावण भरले जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड सामान्यतः १ ते ३ टक्के तीव्रतेने, उत्पादकाच्या सूचनेनुसार, सुमारे २४ तास ठेवतात. नळी भरल्यानंतर ओळीतून केरसुणी किंवा काठी हलकेच फिरवून प्रत्येक निपल उघडावे लागते, म्हणजे द्रावण निपलच्या आतील पोकळीत उतरते. ही क्रिया पाच मिनिटांची आहे आणि बहुतेक वेळा तीच राहून जाते. पक्ष्याची चोच निपलला लागते. नळी स्वच्छ असूनही निपलमध्ये साल्मोनेला राहिला तर सफाईचा उपयोग मर्यादित होतो. दाबनियंत्रक व ओळीच्या टोकाच्या उभ्या पारदर्शक नळ्याही अशाच विसरल्या जातात.

शेवटी स्वच्छ, क्लोरीनयुक्त पाण्याने सर्व ओळी धुतात. धुण्याचे पाणी ज्या विहिरीतून येते तिचेच पाणी दूषित असेल तर धुण्यातूनच पुन्हा लागण होते. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी नळीतील उभे पाणी काढून ताजे भरले जाते.

घंटाकृती व हाताने भरावयाची भांडी तुलनेने सोपी असतात. ती साबणाच्या पाण्यात घासून, रोगाणुनाशकात बुडवून, धुऊन कडक उन्हात वाळवितात. वऱ्हाडातले ऊन येथे उपयोगी पडते. पूर्ण वाळलेल्या पृष्ठभागावर बहुतेक जिवाणू तग धरीत नाहीत.

पक्षी शेडमध्ये असताना

तुकडी चालू असताना सौम्य व सातत्याची प्रक्रिया करावी लागते. ओळीच्या शेवटच्या निपलपाशी लिटरला २ ते ४ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळावा असा सर्वसाधारण दंडक आहे. मोजणी टाकीत न करता शेवटच्या निपलपाशी करावयाची, कारण मधल्या नळीत जैवपटल असल्यास क्लोरीन वाटेतच संपतो. टाकीत ४ आणि टोकाला शून्य असा निकाल आला, तर तो क्लोरीनच्या मात्रेविषयी फारसे सांगत नाही; नळीच्या स्थितीविषयी मात्र पुष्कळ सांगतो.

पहिल्या आठवड्यात रोज व त्यानंतर आठवड्यातून किमान एकदा, तसेच औषध अथवा जीवनसत्त्वे दिल्यावर प्रत्येक वेळी, नळ्या दाबाने धुतल्या जातात. घंटाकृती भांडी रोज धुवावी लागतात, कारण त्यांत तूस व विष्ठा पडते. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला असल्यास ही घाण बरीच कमी होते. पाणीमापक बसविलेला असल्यास रोजच्या वापराची नोंद ठेवतात. पाण्याचा वापर अचानक घटणे हे पुष्कळ रोगांचे पहिले चिन्ह असून ते मरतुकीच्या एक-दोन दिवस आधी दिसू शकते.

लसीकरण व क्लोरीन

गमबोरो व राणीखेत अर्थात मानमोडी या रोगांच्या काही लसी पिण्याच्या पाण्यातून दिल्या जातात. या लसींत जिवंत विषाणू असतात आणि क्लोरीन त्यांनाही मारतो. त्यामुळे लसीच्या आधी साधारण ४८ तास क्लोरीन व इतर रोगाणुनाशके बंद ठेवली जातात. लसीच्या पाण्यात लिटरला सुमारे अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळतात, म्हणजे उरलासुरला क्लोरीन निष्क्रिय होतो. लस देऊन झाल्यावर हेच दूध नळीत राहिले तर जिवाणूंना उत्तम अन्न मिळते. म्हणून पक्ष्यांनी लसीचे पाणी पिऊन संपविल्यावर नळ्या धुऊन क्लोरीन पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. क्लोरीन बंद करण्याची आठवण बहुतेकांना राहते, पुन्हा सुरू करण्याची राहतेच असे नाही.

प्रतिजैविकांचा प्रश्न

पाण्यातून होणारा ई. कोलायचा संसर्ग प्रतिजैविक दिल्यावर आटोक्यात आल्यासारखा दिसतो. औषध थांबल्यावर नळीतील जैवपटलातून तोच जिवाणू पुन्हा पक्ष्यांपर्यंत येतो. औषध बहुधा त्याच नळीतून दिले जात असल्यामुळे जैवपटलातील जिवाणू अपुऱ्या मात्रेच्या संपर्कात राहतात, आणि प्रतिकारक्षम जिवाणू निवडले जाण्यास हीच परिस्थिती अनुकूल असते. असे जिवाणू शेडपुरते राहत नाहीत. खतावाटे शेतात, मांसावाटे स्वयंपाकघरात आणि काम करणाऱ्यांच्या हातांवाटे घरात पोहोचतात. माणसांवरील उपचारांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांना पाण्यातून व खाद्यातून सर्रास दिले जात असे. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी व कुक्कुटपालनासाठी त्याचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात या प्रश्नाला आर्थिक बाजू आहे. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते. शेड, वीज, मजुरी व पाणी शेतकऱ्याचे असते. शेतकऱ्याचा मोबदला मरतुक व खाद्य रूपांतराचे प्रमाण यांवर ठरतो. दूषित पाण्यामुळे पक्षी मेले नाहीत तरी त्यांचे आतडे सुजते, खाद्य अंगी लागत नाही व मोबदला घटतो. कंपनीकडून आलेल्या औषधाच्या बाटलीचा खर्च डोळ्यांसमोर असतो. विहिरीच्या पाण्याला किंमत नसल्यामुळे त्याची तपासणी मागे पडते. वास्तविक या संपूर्ण व्यवहारात शेतकऱ्याच्या पूर्णपणे हाती असलेली निविष्ठा पाणी हीच आहे.

परसातील कोंबड्या

परसबागेत पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्या घरांत नळ्या नसतात. मातीचे परळ, फुटक्या माठाचे बूड किंवा जुनी घमेली पाण्यासाठी वापरली जातात. मातीचे भांडे पाणी थंड ठेवते, पण त्याच्या सच्छिद्र भिंतीत जिवाणू टिकून राहतात. अशी दोन भांडी ठेवून एक वापरात व एक उन्हात असा आलटूनपालटून वापर केल्यास पुरेसा लाभ होतो. भांड्याच्या तोंडावर लोखंडी सळ्यांची जाळी ठेवल्यास कोंबड्या त्यात पाय घालीत नाहीत. येथे द्रव्यांपेक्षा रोज पाणी बदलणे अधिक महत्त्वाचे ठरते.

तपासणी

पाण्याचे किमान दोन नमुने घ्यावे लागतात: एक उगमापाशी व एक शेवटच्या निपलपाशी. उगमाचा नमुना शुद्ध व टोकाचा अशुद्ध आल्यास दोष साधनांत असतो. दोन्ही अशुद्ध आल्यास विहिरीपासून आरंभ करावा लागतो. नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून, शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचविणे अपेक्षित असते. क्लोरीनयुक्त पाण्यासाठीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असावे लागते. अन्यथा वाटेत क्लोरीन आपले काम करीत राहतो व निकाल वस्तुस्थितीपेक्षा चांगला येतो. माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये. कोंबड्यांसाठीही हीच अपेक्षा ठेवणे सुरक्षित मानले जाते.

जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा तसेच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पाण्याची तपासणी करतात. पक्ष्यांच्या रोगनिदानासाठी वऱ्हाडात अकोला येथील पशुवैद्यक व पशुविज्ञान स्नातकोत्तर संस्था उपलब्ध असून ती नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत येते. प्रयोगशाळा दूर असल्यास हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली वापरता येते. भारतीय संशोधकांनी १९८२ साली मांडलेल्या या चाचणीत विष्ठाजन्य प्रदूषण असलेले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडते. ही चाचणी जिवाणूंची संख्या सांगत नाही व खाऱ्या भूजलात आधीच सल्फाइड असल्यास चुकीचा निकाल देऊ शकते; म्हणून खारपाणपट्ट्यात तिचा निकाल प्रयोगशाळेतील तपासणीने पडताळून घेतला जातो.